चंद्रोदयाचं कोष्टक

सकाळी खिडकी उघडली आणि ओळखीचा वास आला. जळक्या पाल्याचा, किंचित आंबूस. समोरची इमारत होती तिथेच होती, तिच्यामागची मात्र दिसेना. समुद्रापलीकडे सुमात्रात रानं पेटवतात आणि वारा तो धूर आणून आमच्या अंगावर सोडतो. इथे त्याला हेझ म्हणतात. शेजारच्या चिनी आजी बांबूवर वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत ओढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "विंडो क्लोज, लाह! स्मेल व्हेरी बॅड." मी मान डोलावली आणि खिडकी उघडीच ठेवली.

शाळेत सहा ऋतू पाठ करायला लावले होते. त्यांतला एकही सिंगापूरला फिरकत नाही. बारा महिने तोच दमट उकाडा, चार वाजता आभाळ भरून येणार, पाच वाजता रस्ते वाळलेले. बारा वर्षं इथे काढल्यावर मी माझ्यापुरते दोन ऋतू ठरवून टाकले आहेत. एक ड्युरियन नावाच्या फळाचा, एक धुराचा. दोन्ही नाकाने कळतात. ड्युरियनचा ऋतू येतो आणि जातो, मला त्याचं सोयरसुतक नाही. धुराचा आला की मात्र मी दोन दिवस कामाचा उरत नाही. ऑफिसात समोर कागद असतात, डोळे त्यांवरून फिरतात, डोक्यात एकच गोष्ट चालू असते. दोन हजार सहाचा ऑक्टोबर.

त्या ऑक्टोबरात वृंदाला चाळीस वर्षं पूर्ण झाली. तिचा वाढदिवस साजरा करायला मी तिला इटलीला घेऊन गेलो. नवराबायको म्हणून गेलो, नवराबायको म्हणून परत आलो, आणि तरीही माझा संसार मोडला तो त्याच आठवड्यात. आता ती पुण्यात असते आणि मी इथे सिंगापुरात, पुंगोलला. तिच्या घड्याळात आणि माझ्या घड्याळात अडीच तासांचा फरक आहे. हा अडीच तासांचा फरक माझ्या चांगलाच बोकांडी बसलेला आहे. का, ते सांगतो.

मी बँकेत इंटर्नल ऑडिटला आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. वृंदा विद्यापीठात संशोधन करायची, वनस्पतींच्या पेशींवर. आम्ही तेव्हा क्लेमेंटीला राहायचो, तिला प्रयोगशाळेत जायला बस सोपी पडायची म्हणून. लग्नाला सात-आठ वर्षं होऊन गेली तरी मूल नव्हतं. मग नोव्हेनातल्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. तपासण्या, इंजेक्शनं, दोन आठवडे श्वास रोखून बसायचं आणि मग नर्सचा मवाळ आवाजातला फोन. तो आवाज मवाळ असला की पुढचं ऐकायची गरज नसायची. पहिला असा फोन आला त्याच महिन्यात वृंदाने संकष्टी धरली. मी तिची थट्टा केली. म्हटलं, "अगं, दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारी बाई तू, आणि उपवास?" ती म्हणाली, "मी कुठे म्हणते उपवासाने काही होतं? पण नुसतं बसवत नाही रे."

नुसतं मलाही बसवत नव्हतं. पण मला रडता येत नाही, देवाजवळ बसता येत नाही. मला कोष्टकं करता येतात. संकष्टीचा उपवास चंद्र उगवल्यावर सोडायचा, आणि आई दर वर्षी पुण्याहून जी दिनदर्शिका पाठवायची तिच्यात पुण्याच्या चंद्रोदयाच्या वेळा असायच्या. सिंगापूर अडीच तास पुढे. मी वर्षाच्या बारा चतुर्थ्या एक्सेलमध्ये घातल्या, प्रत्येक वेळेत अडीच तास मिळवले, कागद छापून फ्रिजवर लावला. वर ठळक अक्षरांत 'चंद्रोदय - क्लेमेंटी'. वृंदाने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. सात वर्षं मी ते कोष्टक न चुकता केलं. आमच्या खात्यात एकाने केलेला कागद दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. घरात तपासणारं कोणी नव्हतं, किंवा तसं मला वाटत होतं.

संकष्टीच्या दिवशी ती संध्याकाळी प्रयोगशाळेतून यायची, अंघोळ करून गणपतीसमोर दिवा लावायची, वरणभाताचा कुकर चढवायची आणि वाचत बसायची. मी आठला जेवून घ्यायचो. हे लिहिताना मला आज लाज वाटते, पण जेवून घ्यायचो हे खरं. मग टीव्हीसमोर बसायचो, एक डोळा घड्याळावर. कोष्टकातली वेळ झाली की उठून स्वयंपाकघराच्या दारात जायचो आणि म्हणायचो, "उगवला गं!" आकाशाकडे मी कधी पाहिलं नाही. पाहून तरी काय दिसणार होतं? समोर बारा मजली इमारत, वर ढग, आणि या दिवसांत धूर. वृंदा खिडकीशी जाऊन ताम्हनात पाणी सोडायची आणि ताट वाढून घ्यायची. साडेदहा, अकरा, कधी बारासुद्धा वाजायचे. मी समोर बसून तिच्या ताटातली पापडाची कड मोडून खायचो. महिन्यातली ती पंधरा-वीस मिनिटं मला आवडायची, एवढं मात्र आठवतं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटवली. म्हणाल्या, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, वृंदा माझ्या शेजारी सरळ बसून होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मला तिच्या हातावर हात ठेवायचा होता. समोर एक बाई आपल्या बाळाला केळं भरवत होती आणि मी त्या केळ्याकडे पाहत बसलो. आठवड्याने मी घरी येऊन जाहीर केलं की आपण तुझ्या चाळिसाव्याला इटलीला जायचं. म्युझियमं नाहीत, गर्दी नाही, खेड्यातलं एक शेतघर घेतलंय पाच दिवसांसाठी. ती म्हणाली, "त्या दिवशी चतुर्थी आहे रे. मंगळवार, म्हणजे अंगारकी." मी म्हटलं, "मग काय झालं? चंद्र तिथेही उगवतो." माझ्या आयुष्यात मी एवढं बरोबर वाक्य फार थोड्या वेळा बोललो असेन, आणि ते बोलताना माझं स्वतःचंच लक्ष नव्हतं.

निघालो त्या दिवशी सिंगापूर धुराने इतकं भरलं होतं की विमानाच्या खिडकीतून पंखाचं टोकही धड दिसेना. आणि इटलीत उतरून, गाडी करून तोस्काना प्रांतातल्या त्या टेकडीवर पोचलो तर हवा अशी धुतलेली, की समोरच्या डोंगरावरच्या घराच्या खिडक्या मोजता येत होत्या. वृंदा गाडीतून उतरली आणि नुसती श्वास घेत उभी राहिली. मीही घेतला. वाळलेलं गवत, ओली माती आणि कुठेतरी आंबत असलेल्या द्राक्षांचा वास. वेलींवरची द्राक्षं उतरवून झाली होती. ऑलिव्हच्या झाडांखाली जाळ्या अंथरून ठेवल्या होत्या, फळं झोडायचा हंगाम पुढच्या महिन्यात. घरमालकीण सत्तरीची, बुटकी, काळ्या स्वेटरच्या बाह्या सदान्‌कदा वर सारलेल्या. आम्ही तिला सिन्योरा म्हणायचो. तिला इंग्रजी शंभर शब्द येत असतील, आम्हाला इटालियन दहा. पण दुसऱ्या दिवशीच मी पाहिलं तर वृंदा आणि ती ओट्याशी उभ्या राहून गप्पा मारत होत्या. कशावर, ते दोघींनाच ठाऊक.

त्या चार दिवसांत वृंदा हसली. मला ते मुद्दाम लिहून ठेवायचंय. नोव्हेनाच्या फेऱ्यांत ज्या बाईचं हसू मी हरवून बसलो होतो, ती तिथल्या पायवाटेवर माझ्यापुढे दहा पावलं चालत होती आणि मागे वळून मला 'ढोल्या' म्हणत होती. लग्नाआधी म्हणायची तसं. मी मनात म्हटलं, झालं, यातून बाहेर पडलो आपण. मूल नाही तर नाही. किती लोकांना नसतं. मी फार पटकन समाधानी होणारा माणूस आहे.

वाढदिवसाच्या दिवशी सिन्योराने सकाळी केक पुढे केला तेव्हा वृंदाने हात जोडले. वाढदिवसाला उपाशी राहणारी बाई सिन्योराने जन्मात पाहिली नसावी. चंद्र, रात्र, मग जेवण, असं खुणांनी सांगितल्यावर तिने छातीवर क्रूस काढला आणि केक झाकून ठेवला. दुपारी तिने चुलीत भाजलेल्या चेस्टनटांची परडी आणली. वृंदा एक सोलून हातात फिरवत राहिली.

"शिरीष, हे उपासाला चालत असेल का रे?"

"शिंगाडा चालतो ना? त्याचाच भाऊ दिसतोय."

"सख्खा की चुलत?"

"चुलत. पण एकत्र कुटुंबातला."

तिने तेवढ्यावर चार खाल्ले. मग पुण्याहून आलेली तांदळाची पिठी बॅगेतून काढली, ती तिने सिंगापूरहून जपून आणली होती, आणि सिन्योराच्या ओट्यावर उकड काढून मोदक वळायला बसली. नारळ तिथे मिळाला नाही, म्हणून डब्यातलं सुकं खोबरं. सिन्योरा शेजारी उभी राहून तिच्या बोटांतल्या पाऱ्या बघत होती. मग न राहवून तिनेही एक वळला. तिच्या पाऱ्या वृंदापेक्षा सुबक आल्या. अकरा मोदक चाळणीत उकडायला ठेवले गेले.

माझ्याकडे सहलीचं वेळापत्रक होतं, छापलेलं. त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं: ५.१० चंद्रोदय, ५.३० उपवास सोडणे, ७.०० वाढदिवसाचं जेवण. पुण्याची वेळ आठ चाळीस. इटली साडेतीन तास मागे. वजाबाकी बिनचूक. पाच वाजून दहा मिनिटांनी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन नेहमीसारखा म्हणालो, "उगवला गं!"

वृंदाने हात पुसले आणि बाहेर आली. समोर लख्ख ऊन होतं. टेकड्यांवर सरूची झाडं आपापल्या लांब सावल्या टाकून उभी होती. तिने पूर्वेकडे पाहिलं. मीही पाहिलं, सात वर्षांत पहिल्यांदा. निळं, स्वच्छ, रिकामं आकाश.

"कुठंय?" तिने विचारलं.

"असेल खाली. डोंगराच्या मागे. जरा वर येऊ दे."

ती ओसरीवरच्या बाकावर बसली आणि मला शेजारी बसायची खूण केली. सहा वाजले. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. सिन्योरा दोनदा डोकावून गेली. सूर्य बुडाला, गार वारा सुटला, मी आतून शाल आणली. सात वाजले. मी खिशातला कागद काढून पुन्हा वजाबाकी केली, ती पुन्हा बरोबर आली. आठला पाच-सात मिनिटं कमी असताना समोरच्या डोंगराची कड उजळली आणि चंद्र वर आला. एका बाजूने थोडा झिजलेला, केशरी, चांगला परातीएवढा. त्याला माझ्या कोष्टकाशी काही देणंघेणं नव्हतं.

वृंदाने उठून पाणी सोडलं, हात जोडले. मी तसाच बसून होतो, कारण माझ्या डोक्यात आता खरी आकडेमोड सुरू झाली होती. चंद्र काही पुण्याच्या घड्याळाने साऱ्या जगात एकदम उगवत नाही. ज्याचं आकाश त्याची वेळ. पुण्यात पावणेनऊला, तर इथे आठला, तर सिंगापुरातही आपल्या तिथल्या नऊच्याच सुमाराला. अकरा-सव्वाअकराला नाही.

"वृंदा," मी म्हटलं, "म्हणजे क्लेमेंटीला..."

"हो," ती म्हणाली. "अडीच तास जास्त."

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या वर्षापासून. एकदा लॅबमधून उशिरा निघाले, बसस्टॉपवर उभी होते. समोर हा एवढा वर आलेला. घरी येऊन बघते तर तुझ्या कागदावर अजून दीड तास बाकी."

"मग सांगितलं का नाहीस? अगं, उपाशी बसायचीस तू!"

तिने शाल सारखी केली. म्हणाली, "या सगळ्यात तू एकच गोष्ट माझ्याबरोबर केलीस, शिरीष. दारात येऊन उगवला म्हणायचास. तू म्हणायच्या आधी कशी जेवले असते?"

मला हुंदका आला. चांगला मोठ्याने आला. पंचेचाळिसाव्या वर्षी एका परक्या बाईच्या ओसरीवर मी लहान पोरासारखा रडलो, आणि वृंदा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सात वर्षं, वर्षाच्या बारा, प्रत्येकीचे अडीच तास. आकडेमोड हा माझा धंदा आहे, पण हा गुणाकार मी अजूनही पूर्ण केलेला नाही.

जेवण झालं. मोदक झाले, सिन्योराचा केक झाला, तिने वृंदाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग आम्ही दोघंच बाहेर येऊन बसलो आणि वृंदाने जे बोलायचं ठरवून आणलं होतं ते बोलली.

"हा माझा शेवटचा उपवास. मी बाप्पाला सकाळीच सांगून टाकलंय. आता मला पोटचंच हवं असं नाही. आपण पुण्याला जाऊ. तिथल्या एका संस्थेत मी चौकशी केलीय. वर्ष-दीड वर्ष लागतं, तिथे राहावं लागतं आणि दोघांच्या सह्या लागतात. मला मुलगी हवीय. येशील?"

इथे मी काय म्हणायला हवं होतं ते या लेखाच्या कोणत्याही वाचकाला कळेल. मलाही कळत होतं. घटकाभरापूर्वी मी ज्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो होतो तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. आणि मी म्हणालो, "बघू."

भीती वाटली म्हणून म्हणालो. दुसऱ्याच्या मुलाला आपलं म्हणता येईल का, याची भीती. चाळिशी उलटल्यावर पुण्यात जाऊन पुन्हा नोकरी शोधायची भीती. आई काय म्हणेल, भाऊ काय म्हणेल. ही सगळी मोठी कारणं झाली. खरं कारण असं, की मला कुठलीही गोष्ट पुढे ढकलली की बरं वाटतं. बघू म्हणणाऱ्या माणसाचा कोणाशी वाद होत नाही. 'नाही' म्हटलं असतं तर ती भांडली असती, मला चार शब्द सुनावले असते, आणि कोण जाणे, मी हललोही असतो.

परतलो तेव्हा धूर तसाच होता. टॅक्सीवाल्याने काच वर करायला सांगितली. नोव्हेंबरात तिने विचारलं, "काही ठरवलंस?" मी म्हटलं, बोनसचं पत्र येऊ दे, मग बघू. डिसेंबरात पुन्हा विचारलं. त्यानंतर विचारलं नाही. जानेवारीत तिला पुण्यात नोकरी मिळाली आणि ती गेली. विमानतळावर मी तिची बॅग सरकत्या पट्ट्यावर ठेवली, ती म्हणाली, "जेवणाची आबाळ करू नकोस." पुढच्या वर्षी संमतीने घटस्फोटाचे कागद झाले. एकटीचा अर्ज करायला ते लागत होते. मी सही केली. एका मुलीसाठी दोघांच्या सह्या लागतात असं तिने सांगितलं होतं. सही मी शेवटी दिलीच, पण दुसऱ्याच कागदावर.

क्लेमेंटीचं घर सोडून मी पुंगोलला आलो. निवड काही फार विचार करून केली नाही, भाड्याने फ्लॅट मिळाला म्हणून आलो. इथे सगळी तरुण जोडपी. लिफ्टमध्ये नेहमी एक तरी बाबागाडी असते आणि मला पोट आत घेऊन उभं राहावं लागतं. संध्याकाळी मुलं खाली तीनचाकी चालवत किंचाळत असतात. आज धुरामुळे सगळी घरात आहेत आणि आवार इतकं गप्प आहे की मला करमत नाही. वृंदाने उपवास करणं सोडलं, मी अजून कोष्टक करतो. खऱ्या, इथल्या वेळांचं. त्याचा कोणाला काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे.

या मे महिन्यात मी पुण्याला गेलो. फोन केला तर ती सहज म्हणाली, "ये ना." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग नाही याची मला आशा वाटली. माणूस किती मूर्ख असतो! बँकेला राजीनामा द्यायची तयारी करूनच मी गेलो होतो. रिक्षात बसून वाक्य घोकत होतो: वृंदा, मी यायला तयार आहे. तिसऱ्या मजल्यावर दार वृंदानेच उघडलं. केस पुढून पांढरे झालेत, तब्येत छान आहे. सोफ्यावर रंगीत खडू पसरले होते, ते तिने मला बसण्यापुरते बाजूला केले. भिंतीवर हात पोचेल तिथपर्यंत रेघोट्या ओढलेल्या. आतून चार वर्षांची एक मुलगी धावत आली आणि वृंदाच्या ओढणीमागे उभी राहून मला निरखू लागली. सावळी, टपोऱ्या डोळ्यांची, पुढचा एक दात किडलेला.

"ही जुई," वृंदा म्हणाली. मग खाली वाकून तिला म्हणाली, "जा बाळा, काकांना पाणी आण."

ती गेली. दोन्ही हातांनी फुलपात्र धरून, जीभ बाहेर काढून, एकेक पाऊल मोजत परत आली. निम्मं पाणी फरशीवर सांडलं होतं.

"घ्या काका," ती म्हणाली.

मी घेतलं.